असल्यास

कॉलेजच्या पन्नाशीची स्मरणिका टायपिंगला माझ्याकडं आली,
खानापूर स्टँडसमोर, झेरॉक्स मशीन आणि भिंत
यांच्या मधल्या जागेला मी दुकान म्हणते तिथं.
दोनशे बारा फॉर्म, कुंद्याच्या रिकाम्या खोक्यात.
नाव. पदवीचं साल. हल्लीचं पद.
पगार विचारलेला नाही, पण लोकांनी लिहिलाय.
रकाना सहावा: सर्जनशील कामगिरी (असल्यास).

कंसातला एवढासा शब्द,
दारातल्या शिपायासारखा:
पिशवीत काय आहे, दाखवा.

भाऊकाण्णा मुतगेकर, पुणे, उपाध्यक्ष.
याला रकाना पुरला नाही, दोन पानं जोडलीत.
मागच्या बाकावरून माझी वही उतरून घ्यायचा;
अक्षर अजून माझंच आहे त्याचं.

शिवलीला हुक्केरी, धारवाड, रेडिओवर निवेदिका.
फॉर्म सगळा कन्नडात, खाली एक ओळ मराठीत:
'तू लाव गं तुझ्या लिपीत. तुझा ळ मला आवडतो.'
तिच्याकडंही आहे की ळ, जीभ तेवढीच वळते.
फोन केला. अर्धा तास बोललो,
कुठली भाषा कुठं संपली, लक्षात नाही.

भरमा होनगेकर, उद्यमबाग, फाउंड्री.
आधी तो सागवानात कोरतो, मग ते लोखंडात ओततात:
पंपाच्या पोटातला शंख, केसाचा फरक नाही.
सहाव्यात त्यानं रेघ ओढलीय. पट्टीनं.

रेहाना किल्लेदार: 'गणिताची कोडी करते, मुलांसाठी.
हे असल्यासमध्ये चालतंय का बघ.'
चालतंय.

एक फॉर्म गुंडू कुंभारांनी भरलेला, मुलाच्या वतीनं.
'पोरगं जहाजावर, फोन लागत नाही, म्हणून मी लिहितो.
पद: इंजिनेर. दुसरा का तिसरा, इसरलो.
सर्जनशील: सातवीत असताना एक मडकं केलं होतं.
बूड जरा वाकडं. अजून गळत नाही.'
प्राचार्य म्हणाले, हे तेवढं काढा.
मी मान हलवली.
काढलं नाही.

माझा फॉर्म दोनशे तेरावा.
बी. ए., मराठी. सर्टिफिकेटवर माझं नाव
कन्नडात आहे आणि इंग्रजीत,
दोन्हीकडं शुद्ध.
सहाव्यापाशी कर्सर लुकलुकत बसला.

दुकान काढलं तेव्हा चाळीस रुपयांच्या सीडीतल्या फॉन्टात
वऱ्हाडाचा ऱ्ह नव्हता. र मोडून पडायचा, ह एकटाच पुढं.
आणि वऱ्हाडाशिवाय पत्रिका कशी निघणार?
तीन रात्री माउसनं, ठिपक्याला ठिपका लावत
मी ती कोर काढली,
झोपलेल्या लेकीच्या करंगळीचं नख बघून.
मग कुणी ती पेन ड्राइव्हवर नेली, कुणी त्याच्याकडून.
आता निपाणीपासून लोंढ्यापर्यंत
सोयऱ्यांच्या आमंत्रणात, बाराव्याच्या कार्डात,
बसच्या काचेवर चिकटवलेल्या हरवल्याच्या कागदातसुद्धा
मला ती दिसते,
हवी त्यापेक्षा जरा जास्त झुकलेली.
ती चूक माझी, म्हणून ओळखते.

पण सही कुठं आहे? पुरावा काय?
मी रेघ ओढली.
भरमासारखी सरळ काही आली नाही.

रविवारी गुंडूमामा आले, नखांत माती,
म्हाताऱ्या बोटानं पान चाचपत.
'छापलीस न्हवं पोरी?'
'छापलंय की.'
चष्मा आणला नव्हता, वाचून दाखव म्हणाले.
वाचलं. शेवटच्या वाक्याला त्यांनी मान डोलावली.
'काल परत भरून बघितलं,' म्हणाले,
'रातभर ठेवलं खालती कागद घालून.
छापायचं म्हणजे खरं पायजे.'